आमच्या पाव्हण्यांचं दिवलं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल, तर दगड घासला. त्यात विशेष काही नव्हतं. तांबट आळीतले ठोके संध्याकाळी थांबले, मी हातपाय धुऊन ओट्यावर बसलो, कुरुंदाच्या खरखरीत घासायच्या पाटीवर पाणी शिंपडलं आणि राळेच्या गोळ्यात बसवलेलं ते सुपारीएवढं दगडी दिवलं पाटीवर फिरवायला लागलो. समोर पोत्यावर मेहुणे. एका डोळ्याला भिंग, कानावर पेन्सिल, मांडीवर कागद. थोडं घासून झालं की म्हणायचे, "थांबा दाजी." मी थांबायचा. ते ओलं फडकं फिरवायचे, बघायचे, कागदावर काढायचे आणि म्हणायचे, "हं, चालू द्या." की मी पुन्हा सुरू. महिनाभर हेच चाललं होतं, म्हणून त्या दिवशीही चाललं.

मधेच म्हणाले, "आले."

"कोण आलं?"

"ठिपके. दोन्ही आले, दाजी."

मी वाकून पाहिलं. करड्या दगडात मोहरीहून बारीक असे दोन पांढरे ठिपके, शेजारी शेजारी. "एवढ्यासाठी माझे खांदे मोडले होय?" मी म्हणालो.

"एवढ्यासाठीच," ते म्हणाले, आणि खोकायला लागले. दमा होता त्यांना. खोकला थांबेपर्यंत उजेड गेला. मी कंदील आणतो म्हटलं तर नको म्हणाले, कंदिलात पांढरं आणि पिवळं एकच दिसतं, उद्या सकाळी बघू. मग आम्ही पिठलं-भाकर खाल्ली. पिठलं खारट झालं होतं. ते कोणी केलं यावरून भांडलो, आणि निजलो.

जिवंत माणसाचं नाव ज्याच्या ध्यानात राहत नाही, पण मेलेल्या किड्याचं सगळं कुळ-घराणं ज्याला तोंडपाठ आहे, असा माणूस देवानं एकच घडवला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. शेजारच्या काकूंना ते जन्मभर "अहो त्या ह्या" म्हणत आले. माझ्या दुकानातल्या गड्याला रोज नव्या नावानं हाक मारत. तो बिचारा कुठल्याही नावाला ओ द्यायला शिकला. पण ट्रंकेतला कुठलाही दगड डोळे झाकून हातात द्या, बोटं फिरवून सांगणार, हा अमक्याच्या घरचा, तमक्याचा चुलता, ह्याची चोच वाकडी.

मी त्यांना 'पाव्हणं' म्हणायचो, कारण ते पाहुणे म्हणूनच आले होते. एका भाऊबीजेला टांगा दारात उभा राहिला. त्यातून मेहुणे उतरले आणि पाठोपाठ दोन पत्र्याच्या ट्रंका. त्या उतरवताना टांगेवाल्याची कंबर धरली. घर सोडून पळालेला भाऊ परत आला म्हणून सगुणा, म्हणजे माझी बायको, दारातच रडायला लागली. आळीतली माणसं जमली. ट्रंकेच्या वजनावरून जो तो हिशेब करत होता, मीही केला. खोटं कशाला बोलू? ट्रंका उघडल्या. एकेका चिंधीत एकेक दगड. वर चिठ्ठी.

"हे रे काय, भाऊ?" सगुणेनं विचारलं.

"ओवाळणी," ते म्हणाले. "आता माझ्यापाशी हेच आहे, अक्का."

हा माणूस इतकी वर्षं कच्छात एका दगडतपाशा साहेबाच्या पदरी होता. तंबू ठोकायचे, पाणी तापवायचं, साहेब दाखवील तिथून दगड वेचायचे. हात चांगला होता म्हणून साहेबानं चित्रं काढायला बसवलं, आणि तिथून बिघडले. साहेब विलायतेला गेला, जाताना एक जाडजूड पुस्तक आणि दोन ट्रंका देऊन गेला. मेहुणे ते घेऊन आठ दिवसांसाठी आमच्याकडे आले ते पुढं गेलेच नाहीत.

आता हे दगड म्हणजे काय, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर ते वरून ओरडतील. फार फार पूर्वी कच्छात समुद्र होता म्हणे. त्याच्या तळाला एक कवचवाला जीव राहायचा. तो मेला, त्याचं कवच चिखलात गाडलं गेलं, चिखलाचा दगड झाला, कवचाचाही झाला. बघताना आपण शिंपलाच म्हणणार. पण त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. एकदा आमच्याकडे बसायला आलेल्या माणसानं हातात घेऊन, "छान आहे हो शिंपला," म्हटलं. मेहुण्यांनी त्याच्या हातातून दगड काढून घेतला, आणि पुढ्यातली पोह्यांची बशीही.

"दोन्ही तळहात जोडा," त्याला म्हणाले. जोडले. "हा शिंपला. डावा आणि उजवा, दोन्ही सारखे. आता एक हात पाठीवर ठेवा, एक पोटावर. ठेवा ना! हे माझं दिवलं. वरचं झाकण वेगळं, खालचं वेगळं. पण नाकासमोर रेघ मारली तर दोन बाजू सारख्या. माणसासारख्या."

तो गृहस्थ पोटावर आणि पाठीवर हात धरून बराच वेळ बसला होता. पुन्हा आला नाही.

'दिवलं' हा त्यांचाच शब्द. साहेब लोकही त्याला दिव्यावरूनच काहीतरी म्हणतात असं सांगायचे. आणि ते खरंच दिसायचं तसं. फुगीर पोट, एका टोकाला चोच, चोचीला भोक, जणू वात बाहेर काढायला ठेवलेलं. त्या भोकातून एक देठ निघायचा आणि त्या देठानं तो जीव खडकाला धरून बसायचा. एकदा धरलं की मरेपर्यंत तिथंच.

"म्हणजे तुमच्यासारखाच," मी म्हणायचो. "आमच्या घराला चिकटलाय तो चिकटलाय."

"आणि तुम्ही बिनबिजागरीचे," ते उलटून म्हणायचे. कारण ह्या जातीत दोन मोठी घराणी. एकात दोन्ही झाकणांना बिजागरी असते, एकाचे दात दुसऱ्याच्या खोबणीत. दुसऱ्यात बिजागरीच नाही, नुसत्या स्नायूंवर कारभार, झाकण हवं तसं सरकतं. त्यांनी अख्ख्या आळीची अशी वाटणी करून टाकली होती. ज्याचं तोंड बेतानं उघडतं तो बिजागरीचा. ज्याचं कुठंही सरकतं तो बिनबिजागरीचा. बिनबिजागरीच्यांत मी पहिला. सगुणेला मात्र त्यांनी कुठल्याच घरात घातलं नाही. ती विचारायची, "माझं काय रे, भाऊ?" तर म्हणायचे, "अजून बघतोय."

नाशकाच्या दगडावर त्यांचा राग होता. इथला सगळा दगड काळा, जमिनीतून उकळून आलेला, त्यात कोण जगणार? एकदा कोणीतरी बातमी आणली की दिंडोरीकडं एका शेतकऱ्याच्या विहिरीत शिंपले निघालेत. शिंपले म्हटलं तरी मेहुणे रागावले नाहीत, यावरून ओळखा. मला दुकान बंद करायला लावून घेऊन गेले. पायजमा खोचून विहिरीत उतरले. खाली दगडाच्या पोकळीत पांढरे स्वच्छ खडे चमकत होते, मला तर सुंदर वाटले. ते वर आले, शेतकऱ्यापुढं उभे राहिले आणि पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "तुमच्या विहिरीत कधीच कोणी जगलेलं नाही."

"ओ पाव्हणं, असं अभद्र काय बोलता?" तो म्हणाला. "लय पानी हाय तिला!" त्याच्या म्हातारीनं लगेच विहिरीवरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. आम्हाला जेवायला थांबा म्हणणार होते ते म्हणाले नाहीत. येताना मी वाटभर बोललो त्यांना. ते टांग्यातून खडीचे ढीग बघत होते.

त्या ट्रंकेत एका जातीची तीनच दिवली होती. तीन, बस. एका सुकलेल्या नाल्यात साहेब पुढं गेल्यावर मेहुण्यांना सापडलेली. पुस्तकात ती नव्हती. वरून बघितलं तर एका ओळखीच्या घराण्यातली वाटत, पण चोचीचा वाक निराळा आणि भोक जरा भलतीकडं. ही नवी जात आहे, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

ह्या जीवाच्या पोटात, दगड झाला तरी, एक बारीक हाडाची तार असते. बिजागरीपासून निघते, पुढं जाते आणि वळून मागं येते. तिच्यावर त्याचं अन्न गोळा करायचं पिसारं टांगलेलं असायचं. मला हे काही केल्या कळेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडून पितळेचं एक मोठं दिवलंच करून घेतलं. मी हौसेनं केलं, दात, खोबणी, भोक, सगळं. वरून मठार, म्हणजे ठोक्यांची नक्षी, मारून दिला, त्यावर ओरडले, "ह्याला मठार नसतो दाजी!" आत बसवायला दोन तारा, एक आखूड, एक लांब. आखूड तार म्हणजे एक घराणं, लांब तार म्हणजे दुसरं. बाहेरून कितीही सारखे दिसोत, आडनाव ठरतं ते तारेवर. सगुणेनं ते पितळी दिवलं बघितलं, उघडलं, मिटलं, तार काढून बाजूला ठेवली आणि आत सुपारी भरली. पुढं आमच्याकडं पान त्यातूनच निघायचं.

तिनंच ती तीन दगडी दिवली साफ करायला घेतली. दिवाळी तोंडावर होती. भावाचे दगड मळकट दिसतात, चमकवून द्यावेत, असं तिच्या मनात आलं. तांबटाची बायको. मळलेलं काही दिसलं की ते दुकानातल्या तेजाबाच्या पातेल्यात जातं, हे लग्न झाल्यापासून अंगवळणी पडलेलं. तिनं दोन सोडली. सोडावाटरची बाटली फुटावी तसा फेस आला. मी धावत गेलो आणि सांडशीनं काढली तोवर दोन विरघळलेले बत्तासे राहिले होते.

मेहुणे ते हातात घेऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगुणा म्हणाली, "भाऊ, मार मला." ते म्हणाले, "अक्का, घाण निघाली हो सगळी." आणि हसले. पण दोन दिवस जेवले नाहीत.

तिसरं तिनं उचललं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. म्हणाली, इथं कोणी हात लावणार नाही. तिथून ते देवच झालं. रोज आंघोळ, गंध, फूल. मेहुण्यांची फक्त एक अट. ह्याला पंचामृत नको, दह्यानं झिजेल. आंबट काही नको. तर सगुणा आल्यागेल्याला सांगायची, "ह्या देवाला आंबट चालत नाही हो." बायका मान डोलवायच्या. एकदोघी त्याला नवसही बोलल्या. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ती त्याला काही बोलली होती का, मी विचारलं नाही.

मग सगुणा गेली. तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही आणि लिहायचंही नाही. देव्हाऱ्याचं सगळं मी करायला लागलो. मला मंत्र येत नाहीत. आंघोळ घालायची, गंध लावायचं, दिवा लावायचा. त्या दिवल्याच्या खाचेत तिनं लावलेलं कुंकू बसलं होतं, ते मी धुतलं नाही.

मेहुणे अधेमधे पुण्याला एका कॉलेजातल्या प्रोफेसरांना चित्रं दाखवायला जात. प्रोफेसर भला माणूस. बसवून घेई, चहा देई. त्यानं सांगितलं, वरून तुम्ही म्हणता ते बरोबर वाटतं, पण पोटातली तार बघितल्याशिवाय नवी जात म्हणता येणार नाही. मेहुणे म्हणाले, "माझं मन सांगतं, तार लांब आहे." तो म्हणाला, "मन छापता येत नाही हो. चित्रं आणा." हे मेहुण्यांनी घरी येऊन मला सांगितलं ते हसत हसत. पुढचं सांगितलं नाही. ते मी खोदून काढलं.

"मग बघायची कशी ती तार? फोडून?"

"फोडून चुरा होतो. घासून. चोचीकडून थोडं थोडं घासत जायचं, प्रत्येक थराचं चित्र काढायचं. तार कापली की तिचे दोन ठिपके दिसतात. ठिपके किती थर टिकतात त्यावरून लांबी."

"आणि शेवटी?"

"शेवटी काही उरत नाही."

मी देव्हाऱ्याकडं पाहिलं. मग विचारलं, "आणि नवी निघाली तर?"

"तर नाव ठेवायचं. ज्याला सापडली त्यानं सुचवायचं." मग म्हणाले, "मी सगुणा ठेवणार होतो. अक्काला कुठल्याच घरात घातलं नव्हतं ना. जगात जिथं जिथं ही जात छापलेलं पुस्तक जाईल तिथं तिथं ते नाव. पण राहू द्या. देव आहे तो."

त्यांनी तो देव मागितला नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. दमा वाढला, बुधवारच्या बाजारापर्यंतही चालवेना, तरी मागितला नाही. देव्हाऱ्यापुढून जाताना मान दुसरीकडं करायचे. मला ते दिसायचं. मी रोज गंध लावताना म्हणायचो, हा तिच्या हातचा आहे, हा द्यायचा नाही. आणि रात्री आडवा झालो की वाटायचं, तिचं नाव आता हाक मारायला दोघांच्या तोंडी आहे, त्यात एकाला दमा आणि दुसरा म्हातारा.

एके दिवशी पूजा झाल्यावर मी तो उचलला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या."

"दाजी, परत मिळणार नाही."

"ती तरी कुठं मिळाली परत?"

त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, आधी दुसऱ्यांवर हात बसवा. त्यांच्या हाताला दम नव्हता, घासणार मी. ओळखीच्या जातीचा एक दगड मला दिला. मी गप्पा मारत मारत घासला आणि भांड्याला देतो तशी झिलई देऊन आरशासारखा करून त्यांच्या हातात ठेवला. सगळ्या रेघा गुल. ते बघतच राहिले. "दाजी, ह्यात माझं तोंड दिसतंय," म्हणाले. "मला त्याचं पोट बघायचं होतं." दुसरा बिघडला, तिसरा जमला. तेव्हा कुठं त्यांनी ते दिवलं राळेत बसवलं. बसवण्याआधी सुईनं त्यावर आडवी रेघ मारली. आखूड तार असली तर ह्या रेघेपर्यंत यायच्या आत ठिपके एकमेकांना मिळून नाहीसे होणार. रेघेपलीकडं टिकले तर लांब, म्हणजे नवी जात. पहिला थर घासला तेव्हा पाटीवरचं पाणी लाल झालं. ते कुंकू होतं. दोघांनीही पाहिलं.

महिनाभर चोच गेली, मग दात दिसले, खोबणी दिसल्या, प्रत्येकाचं चित्र झालं. आणि त्या संध्याकाळी ठिपके आले, उजेड गेला, पिठलं खारट झालं.

सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ते उठले नाहीत. मी म्हटलं, "पाव्हणं, उजेड आलाय." नंतर हात लावून पाहिला. शिंपला मेला की उघडतो, असं ते सांगायचे. पण दिवल्याला उघडायलाच जोर लागतो, म्हणून ते मेलं की मिटून राहतं. त्यांचे ओठ तसे मिटलेले होते. आळी जमली. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेलं, अग्नी मीच दिला. मागं कोणी नव्हतं.

घरी आल्यावर काकूंची नजर ओट्यावर गेली. राळेच्या गोळ्यातलं ते अर्धं दिवलं. "अगंबाई, हा तर सगुणेचा देव! भंगलेला देव घरात ठेवू नये हो. उद्या सकाळी गंगेत सोडून या."

"बघू," मी म्हणालो.

"बघायचं काय त्यात? आणि सुतकात हत्याराला हात लावू नका."

त्या गेल्यावर मी चित्रांचे कागद लावून ठेवले. शेवटच्या कागदावर दोन ठिपके होते. त्याच्या बाजूला त्यांच्या हातानं लिहिलेलं, पुढं बघणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली. चहा एकाच कपाचा केला. ओट्यावर बसलो, पाटीवर पाणी शिंपडलं. त्यांचं भिंग घेतलं, पेन्सिल त्यांच्यासारखी कानावर ठेवली तर पडायला लागली, म्हणून दातात धरली. घासायला लागलो. 'थांबा' म्हणणारं कोणी नव्हतं, तेव्हा माझं मीच थांबत गेलो. फडकं फिरवलं, पाहिलं, काढलं. माझ्या हाताला चित्राची सवय नाही. गोल काढायला गेलो तो बटाटा झाला, पण ठिपके होते तिथंच टाकले. काकू दारातून बघून गेल्या. पुन्हा घासलं, पुन्हा काढलं. उन्हं ओट्यावर आली तशी सुईची रेघ आली. ती रेघ घासून गेली तेव्हा थांबलो. मग फडकं फिरवलं आणि भिंग लावलं.

दोन्ही ठिपके होते. स्वच्छ, वेगळे वेगळे.

ते काढले, आणि पाटीवर पुन्हा पाणी घातलं.